पऱ्हाटी, चुकारा आणि शाश्वतता

उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी संपली, की विदर्भातल्या आमच्या तालुक्यात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, उपटण्याची घाई सुरू होते. गेल्या मार्चमध्ये, याच दिवसांत, एक लहान कारखानदार हातात कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आला. त्याचे हिशेब मी अनेक वर्षे पाहतो. पूर्वी तो एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, मुनीम होता. आता गावाबाहेर दोन एकरांत त्याचा स्वतःचा ब्रिकेटचा कारखाना आहे. पऱ्हाटी आणि तुराटी (तुरीची वाळलेली झाडे) विकत घ्यायची, तिची कुट्टी करायची, वाळवायची आणि प्रेसमधून मनगटापेक्षा जाड कांड्या काढून मोठ्या कारखान्यांच्या बॉयलरसाठी विकायच्या, असा हा धंदा. बाजारात या कांड्यांना ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. रंग मात्र तपकिरी असतो. हातातला गठ्ठा त्याच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने पाठवलेल्या प्रश्नावलीचा होता, आणि ती सगळी इंग्रजीत होती. कारखान्याचे कर्बउत्सर्जन किती, पाण्याचा वापर किती, मानवी हक्कांविषयी लेखी धोरण आहे काय, पुरवठादारांची निवड कोणत्या निकषांवर होते, असे प्रश्न पानामागून पाने चालले होते. सोबतच्या पत्रात कंपनीने दगडी कोळसा कमी करून शेतीच्या अवशेषांचे इंधन वापरायला सुरुवात केल्याचे अभिमानाने नमूद केले होते. मी एकेक प्रश्न मराठीत सांगत गेलो. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, “भाऊ, माही मशीन पऱ्हाटी खाते थे यायले मालूम आहे. मी काय खातो, थे कुठीच इचारलं नाई.” त्या कंपनीकडे असलेले त्याचे नोव्हेंबरातले बिल त्या दिवशी ११२ दिवसांचे झाले होते.

लघु आणि मध्यम उद्योगांच्या शाश्वततेची चर्चा अलीकडे बरीच होते, आणि ती बहुधा अशा प्रश्नावलीच्या भाषेत होते. त्या भाषेत शाश्वतता म्हणजे मोजता येणारी, नोंदवता येणारी आणि प्रमाणपत्रात बसणारी वस्तू असते. मोजमापाला माझा विरोध नाही. ज्याचे पोट आकड्यांवर चालते त्याने तो करणे शोभणारही नाही. पण लहान उद्योगाच्या बाबतीत ही चर्चा चुकीच्या टोकापासून सुरू होते, असे माझे मत आहे. लहान उद्योगाची शाश्वतता ही सर्वांत आधी वेळेची गोष्ट आहे. जमीन, पाणी आणि माणसे यांच्याशी दूरच्या हिशेबाने वागायचे असेल, तर तसे वागण्याइतकी उसंत हाताशी असावी लागते. आणि ही उसंत लहान उद्योगाकडून काढून घेणारेच पुष्कळदा त्याच्याकडे शाश्वततेचा हिशेब मागत असतात.

‘शाश्वत’ हा शब्दही या गोंधळात भर घालतो. आपल्याकडे कीर्तनातून कानावर पडत आलेला शाश्वत म्हणजे ज्याला नाश नाही असा, आणि प्रपंचातली कोणतीही गोष्ट शाश्वत नाही हेच तर तिथे सांगितले जाते. एका तालुक्याच्या गावातल्या तेलघाणीने किंवा दालमिलने शाश्वत व्हावे, ही अपेक्षा त्या अर्थाने हास्यास्पदच होय. त्यापेक्षा घरात रोज बोलला जाणारा ‘पुरवून वापरणे’ हा शब्दप्रयोग मला अधिक नेमका वाटतो. पुढचे पीक घरात येईपर्यंत आहे ते पुरले पाहिजे, आणि ते घरातल्या प्रत्येकाला पुरले पाहिजे. एकाने पोटभर खाऊन दुसऱ्याच्या ताटात कमी वाढणे म्हणजे पुरवणे नव्हे. १९८७ साली ब्रुंटलंड आयोगाने शाश्वत विकासाची जी व्याख्या केली, म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला बाध न आणता आजच्या गरजा भागवणे, तिचा आशय यापेक्षा फारसा वेगळा नाही.

खरे तर हा विचार विदर्भाला बाहेरून शिकावा लागण्याचे कारण नव्हते. १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चाले, आणि जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस होते. त्यांनी तुरुंगवासात लिहून १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या मांडणीत स्थायी अर्थव्यवस्थेचा विचार आहे, आणि तीत निसर्गसंपत्तीचे दोन प्रकार केले आहेत: कोळसा किंवा खनिज तेल यांसारखी साठ्याची संपत्ती, जी काढली की संपते, आणि झाडे-पिके यांसारखी प्रवाही संपत्ती, जी जपून घेतली तर पुन्हा पुन्हा येत राहते. साठ्यावर चालणारी अर्थव्यवस्था भांडणे आणि हिंसा वाढवते, हा त्यांचा निष्कर्ष होता. मगनवाडीपासून वणी-राजूरच्या कोळसा खाणी आणि चंद्रपूरचे २९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र फार दूर नाही. साठ्याची संपत्ती वापरल्यावर परिसराचे काय होते, हे पाहायला आम्हाला दुसरीकडे जावे लागत नाही. पऱ्हाटी ही मात्र प्रवाही संपत्ती आहे. म्हणून त्या ब्रिकेटच्या कारखान्याकडे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे.

एका हेक्टरातून साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. पिढ्यान् पिढ्या ती एक तर धुऱ्यावर रचून चुलीसाठी नेली जाते, नाही तर शेतातच पेटवून दिली जाते. तिची कांडी करताना डिंक किंवा दुसरा कोणताही चिकट पदार्थ लागत नाही. लाकडातले लिग्निन नावाचे द्रव्यच दाबाने आणि उष्णतेने मऊ होते आणि भुशाला बांधून ठेवते. फक्त भुसा कोरडा हवा. ओलावा दहा-बारा टक्क्यांच्या वर गेला की कांडी फुटते आणि प्रेस अडते. या एका तांत्रिक गोष्टीवर धंद्याचे सगळे अर्थकारण ठरते. पऱ्हाटी मिळते ती जानेवारीपासून मेपर्यंत. मृगाचा पाऊस पडला की रस्ते बंद, वाळवण बंद. म्हणजे वर्षभराचा कच्चा माल चार-पाच महिन्यांत घ्यावा लागतो, पावसाळ्यासाठी शेडखाली रचून ठेवावा लागतो आणि ४५ अंशांच्या उन्हात त्या गंजीला ठिणगीपासून जपावे लागते. कास्तकाराचा चुकारा, म्हणजे मालाचे पैसे चुकते करणे, वजनकाट्यावरच करावा लागतो, कारण उधारीवर पऱ्हाटी देण्याइतका कास्तकार मोकळा नसतो आणि त्याने तसे का असावे, हाही प्रश्नच आहे. थोडक्यात, या कारखानदाराचा पैसा मेअखेर पूर्ण गंजीत अडकलेला असतो आणि पुढच्या डिसेंबरापर्यंत कांडी-कांडीने सुटत असतो.

अशा धंद्यात बिल वेळेवर न येणे ही केवळ गैरसोय नसते. समजा दहा लाखांचे बिल ४५ दिवसांऐवजी ११२ दिवसांनी मिळाले आणि बँकेच्या सीसी (खेळत्या भांडवलाच्या कर्जाच्या) खात्याला १२ टक्के व्याज आहे, तर वरच्या ६७ दिवसांचे व्याजच सुमारे २२ हजार रुपये होते. एवढ्या पैशात कुट्टी मशीनवर धूळ ओढून घेणारा साधा पंखा आणि पिशवी बसू शकली असती. ती बसली नाही. शेजारच्या शेतातल्या तुरीवर भुशाचा थर बसतो, आणि मशीनवर काम करणारी माणसे तोंडाला दुपट्टा बांधून दिवस काढतात. याची जबाबदारी कारखानदाराची आहे आणि मी ती त्याच्यावरून काढून घेत नाही. मात्र तो २२ हजारांचा आकडा त्या कंपनीच्या कोणत्याही अहवालात येत नाही, हेही तितकेच खरे आहे. तिच्या वहीत ते बिनव्याजी खेळते भांडवल असते. त्याची किंमत एका गावाच्या फुप्फुसांत जमा होत असते.

कायदा नाही असे नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ साली झाला. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. अन्यथा रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. दाद मागण्यासाठी सुविधा परिषदा आहेत, २०१७ साली तक्रारींसाठी ‘समाधान’ पोर्टल सुरू झाले. त्याउपर २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या कलम ४३ बी मध्ये (एच) हे पोटकलम घातले, आणि या मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळणार नाही अशी तजवीज केली. कागदावर याहून कडक काय असावे? तरीही माझ्या इतक्या वर्षांच्या कामात या कायद्याखाली व्याज मागणारा अशील मला एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. कारण उघड आहे. गिऱ्हाईक एकच असले की त्याच्याविरुद्ध अर्ज करणे म्हणजे ज्या फांदीवर बसलो तिलाच कुऱ्हाड लावणे होय. नवे पोटकलम लागू झाले त्या वर्षी माझ्या दोन अशिलांना खरेदीदारांनी तोंडी सुचवले होते की उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी) रद्द केलीत तर ऑर्डर चालू राहील. लेखी अर्थातच कोणी काही दिले नाही.

इथे हेही लक्षात घेतले पाहिजे की ‘लघु आणि मध्यम उद्योग’ हा एकच गट मानून बोलणे फसवे आहे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येत सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटींची गुंतवणूक आणि दहा कोटींची उलाढाल अशी झाली, तर मध्यम उद्योगाची १२५ कोटींची गुंतवणूक आणि ५०० कोटींची उलाढाल अशी. म्हणजे आमच्या ब्रिकेटवाल्याला आणि पाचशे कोटींच्या कारखान्याला ‘एमएसएमई’ या एकाच आद्याक्षरांच्या नावाने ओळखले जाते. दुसऱ्याकडे पर्यावरणाचा स्वतंत्र अधिकारी असू शकतो. पहिल्याकडे मालक, त्याची पत्नी, एक मेकॅनिक आणि महिन्यातून दोनदा येणारा मी एवढाच काय तो कर्मचारीवर्ग. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला, आणि त्यातला पुरवठा साखळीचा भाग हळूहळू खाली झिरपत आमच्यापर्यंत आला. उद्देश चांगलाच होता. पण वरून सोडलेले पाणी शेवटच्या वाफ्यात पोहोचेपर्यंत त्याचा गाळ तेवढा उरतो, तसे या अहवालाचे झाले आहे: आमच्या वाट्याला फक्त रकाने आले.

आता दुसरी बाजू. लहान म्हणून निर्दोष, असे मानण्याची एक भाबडी सवय आपल्याला आहे, आणि लहान उद्योजक तिचा फायदा घेतात. “आमचं काय एवढंसं,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याची मला चीड येऊ लागली आहे. भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमध्ये धानाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके तूस, म्हणजे टरफल, निघते. ते बॉयलरमध्ये जाळणे हुशारीचेच, पण उरलेली राख नाल्याच्या काठी टाकणे ही हुशारी नव्हे. एका मिलची राख थोडी असते, पण एकाच रस्त्यावर लागून असलेल्या दहा मिलची थोडी नसते. जिनिंगच्या आवारात फेब्रुवारी-मार्चनंतरही पडून राहिलेला कापूस आणि सरकी यांतून गुलाबी बोंडअळीचे पतंग निघून आसपासच्या शिवारात पसरतात, म्हणून तिथे कामगंध सापळे (गंधाने पतंगांना ओढून पकडणारे) लावा असे कृषी विभाग सांगतो. ते किती जिनिंगवाले लावतात? २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भाचा कापूस पोखरून काढला. सरकीचा दर्जा आणि रुईचा उतारा दोन्ही घसरले, आणि ज्यांना सापळ्यांचा खर्च जड वाटला होता त्यांच्याच गठाणी पिवळ्या पडल्या. पाच क्विंटल कापसातून साधारण १७० किलोची एक गठाण होते, हा जिनिंगचा पाया आहे. शेतच पोखरले गेले तर हा पाया टिकेल कशावर? लहान उद्योग आणि त्याचे शिवार यांच्यात भिंत नसते. मोठा कारखाना कच्चा माल दुसऱ्या राज्यातून आणू शकतो. तालुक्याच्या जिनिंगला ती सोय नाही. म्हणूनच शाश्वततेची गरज खरी लहानालाच जास्त आहे, आणि त्याला ती गरज वाटत नाही यात केवळ अज्ञान नाही, आळसही आहे.

पऱ्हाटीपुरते पाहिले तर ही गुंतागुंत आणखी उघड होते. पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी अळी सुप्तावस्थेत राहते. म्हणून फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही त्याच झाडांवर वाढवत नेलेले पीक, घेऊ नये आणि डिसेंबर-जानेवारीत शेत मोकळे करावे, हा सल्ला आहे. ब्रिकेटच्या कारखान्याने पऱ्हाटीला भाव दिला की कास्तकार ती वेळेवर उपटतो, जाळत नाही आणि वरून दोन पैसे मिळवतो. इतके सगळे एका दगडात साधत असताना आक्षेप घ्यायला जागा कुठे, असे मलाही वाटत होते, जोवर कारखान्याच्या फाटकाबाहेर मी त्या बायांना पाहिले नव्हते. गावातल्या भूमिहीन घरांतल्या बाया दर उन्हाळ्यात शेतांतून पऱ्हाटीचे भारे फुकट आणत आणि वर्षाचे सरपण त्यातून भागे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून सिलिंडर घरात आले आहे, पण ते भरून आणण्याचे पैसे दर महिन्याला असतातच असे नाही. पऱ्हाटीला भाव आला तसे कास्तकार भारे नेऊ देईनासे झाले. आता त्या बाया कारखान्याबाहेर सांडलेला चुरा गोळा करतात. एका मोठ्या कंपनीच्या बॉयलरमधला कोळसा कमी झाला हे खरे. त्यासाठी कोणाच्या चुलीतले सरपण गेले, हे प्रश्नावलीत नाही, आणि माझ्या अशिलाच्या हिशेबवहीतही नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात सुरुवातीला ५ टक्के जैवभार, म्हणजे शेतीच्या अवशेषांचे इंधन, मिसळायला सांगितले. विदर्भात अशी केंद्रे कमी नाहीत. ही मागणी खरोखर उभी राहिली तर पऱ्हाटीच्या व्यापाराचे रूपच बदलेल. तेव्हा हा प्रश्न केवळ एका गावाचा राहणार नाही, आणि त्याचे उत्तर कारखाना बंद करणे हेही नाही. कारखानदाराने खरेदीच्या वेळीच दर टनामागे ठरावीक कांड्या गावातल्या चुलींसाठी स्वस्तात द्याव्यात, ग्रामसभेने त्यावर लक्ष ठेवावे, आणि त्याचा भार खरेदीदार कंपनीच्या दरात धरला जावा, असा काहीसा तोडगा मला सुचतो. तो मी त्याला सांगितलाही. तो म्हणाला, आधीचे बिल तर येऊ द्या. हे उत्तर मला टाळाटाळीचे वाटले, आणि रास्तही वाटले.

मदतीच्या योजना आहेत, त्यांचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. केंद्र सरकारच्या ‘झेड’ (शून्य दोष, शून्य दुष्परिणाम) प्रमाणपत्राला कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा पायऱ्या आहेत, आणि त्याच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के सवलत मिळते. पण प्रमाणपत्र स्वस्त झाल्याने धूळ ओढणारा पंखा स्वस्त होत नाही. याउलट ज्या गोष्टीने विदर्भातल्या लहान उद्योगाला प्रत्यक्ष उभे केले तिचे उदाहरण अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी दालमिल हे आहे. गावातल्या बचत गटाला झेपेल असे यंत्र, गावातच होणारी तुरीची डाळ, चुनी आणि टरफल गावातल्याच जनावरांना. त्या यंत्राने कोणाला शाश्वततेचे भाषण दिले नाही. त्याने फक्त अकोल्याच्या मोठ्या मिलकडे जाणारा पैसा आणि कोंडा गावात राहील अशी सोय केली. तंत्रज्ञान उद्योगाच्या मापाचे असावे, कर्ज हंगामाच्या मापाचे असावे. पऱ्हाटीची खरेदी मेमध्ये संपते आणि विक्री वर्षभर चालते, हे ज्या बँकेला कळत नाही तिने दिलेल्या हरित कर्जाचा रंग मला ओळखू येत नाही.

आणि प्रश्नावली? ती असावी. पण ती दुहेरी असावी, आणि मराठीत असावी. पुरवठादाराला विचारला जाणारा प्रत्येक प्रश्न खरेदीदारालाही उलटून विचारता आला पाहिजे: तुम्ही गेल्या वर्षी सूक्ष्म उद्योगांना सरासरी किती दिवसांत पैसे दिलेत? कंपनीच्या शाश्वतता अहवालाच्या पहिल्या पानावर मला एवढा एक आकडा पाहायचा आहे. बाकीची झाडांची आणि मुलांची छायाचित्रे नंतर छापली तरी चालतील. हाच नियम सरकारलाही लागू करावा, कारण उशिरा पैसे देणाऱ्यांत सरकारी खाती मागे नाहीत, हे धानाच्या भरडाईची बिले घेऊन फिरणारा कोणताही राइस मिलवाला सांगेल.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसून आम्ही ती प्रश्नावली भरली. पाण्याचा वापर जवळपास शून्य, कारण या कामाला पाणी लागत नाही. मानवी हक्कांचे लेखी धोरण नाही, असे त्याने प्रामाणिकपणे लिहायला सांगितले; धुळीच्या प्रश्नापाशी तो बराच वेळ गप्प बसला आणि मग ‘व्यवस्था अपुरी’ असे लिहा म्हणाला. शेवटी ‘अन्य माहिती’ नावाचा एक मोकळा रकाना होता. कंपनीच्या संकेतस्थळावर तो भरताना मी मराठीत दोन ओळी टाकल्या, तर इथे फक्त इंग्रजी अक्षरे आणि अंक चालतात, असा संदेश लाल अक्षरांत आला. मग शब्द काढून टाकले आणि तेवढे अंक ठेवले: बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम, आणि त्यांच्यापुढे ११२.